शेरा

नस्ती माझ्या टेबलावर आली तेव्हा
सहा खात्यांच्या सह्या अंगावर घेऊनच आली.
प्रस्तावित अभ्यागत केंद्र, तळमजला अधिक एक,
मुलुंड पश्चिम, उद्यानाच्या भिंतीला लागून.
अग्निशमन: हरकत नाही.
पर्जन्य जलवाहिन्या: हरकत नाही.
वृक्ष: अकरा राखावे, चार हलवावे.
(हलवावे म्हणजे काय, ते झाडांना ठाऊक आणि आम्हाला.)

नकाशा देखणा होता, हे आधीच सांगून टाकते.
वास्तुविशारद तनाझ भरडा. दगडी जोतं, उतरतं छप्पर,
माणसांच्या जागी करड्या बाहुल्या,
एकीने धाकटीचं बोट धरलेलं.
आमच्याकडे येतात ते मजले, मजल्यांवर मजले.
इथे कुणीतरी सावलीचं क्षेत्रफळ मोजून दिलं होतं.

स्थळपाहणी, मंगळवार, सकाळी दहा.
टेपचं दुसरं टोक मुकादम धुरींच्या हातात.
उंबरपाड्याकडून एक पायवाट भूखंडात शिरत होती.
नकाशात ती नव्हती.
कुठे दोन फूट रुंद, कुठे चार,
कुठे नुसतं दबलेलं गवत.
नकाशात तिच्या जागी तिकीटखिडकी.

वाटेवरून एक बाई आली,
पाटीत पळसाच्या पानांखाली करवंदं.
नाव विचारलं, पाहणी अहवालात लागतं म्हणून:
सोनकी डुमाडा.
ही वाट किती वर्षांची?
तिने टेपकडे पाहिलं.
"वाटेची वर्षं कोण मोजतो? सासू जायची बाजाराला.
दवाखान्यात नेली तीही इथूनच. परत आणली तीही."
इथे केंद्र होणार आहे, मावशी. लोक येतील जंगल बघायला.
"येऊ दे की.
त्यांच्या नळाचं पाणी आम्हाला भेटंल का?"

मी विरोध ऐकायच्या तयारीने गेले होते.
याच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

दालन क्रमांक दोन: आदिवासी जीवनदर्शन.
झोपडी, प्रतिकृती, प्रमाण एकास एक.
भिंतीपलीकडच्या खऱ्या झोपडीभोवती तुटक रेघ
आणि बारीक अक्षरात, तात्पुरते बांधकाम.

अभ्यागत.
आईच्या तोंडी हा शब्द रात्रीच्या जेवणानंतर यायचा,
मूठभर भात झाकून ठेवताना.
न सांगता येतो तो.
आला की आधी पाणी विचारायचं.

तांडेल साहेब म्हणाले, बरा प्रस्ताव आहे हो.
तुम्ही नाही म्हणा,
उद्या ह्याच जागेवर तेवीस मजल्यांचा नकाशा येईल.
तेव्हा वाट मोजायला कोण जाणार?
खरं होतं ते.
साहेबांचं खरंच असतं बहुतेक, म्हणून तर त्रास होतो.

संध्याकाळी साडेसातला पंखे बंद झाल्यावर
मी शेरा लिहिला: परवानगी देण्यास शिफारस,
खालील अटींवर.
एक ते सोळा नेहमीच्या, न वाचता सही होतात त्या.
सतरावी: पाड्याची पायवाट, रुंदी पाच फूट,
दिवसरात्र खुली ठेवावी, तिकीटखिडकी पूर्वेस सरकवावी.
लाल पेन्सिलीने ती नकाशात काढली.
पट्टी घेतली नाही. वाट सरळ नाहीच आहे.
अठरावी: एक नळ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला.
"कोणत्या नियमान्वये" हा रकाना
अठराव्या अटीपुढे कोरा सोडला.

नस्ती परत आली हिरव्या शाईत.
सतरा, मान्य.
अठरापुढे प्रश्नचिन्ह आणि दोन शब्द: चर्चा करावी.

चर्चा शुक्रवारी चारला.
नियम शोधतेय. दोन सापडले, दोन्ही उद्यानाच्या आतल्या नळांचे.
आज दुपारी भरडाबाईंचा फोन आला.
आता कुरकुर होणार म्हणून मी पाठ ताठ केली.
त्यांनी एवढंच विचारलं,
तो बाहेरचा नळ किती उंचीवर हवा?

हंडा बसेल इतक्या, मी म्हटलं.
मग म्हटलं, थांबा, मोजून सांगते.

माझ्या घरी हंडा नाही.
सकाळी टेप घेऊन पाड्यावर जायचं आहे,
करवंदं संपायच्या आत.